लाईव्ह बोर्ड मध्येच अडकतो? वायफायला शिव्या देण्याआधी पीजीएन उघडा

पुण्यातल्या बुद्धिबळाच्या कुठल्याही रेटिंग स्पर्धेत दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला मोबाईलवर डाव बघणाऱ्या कुणाचा तरी हा फोन येतोच. "अहो, चार नंबरचा बोर्ड हलत नाहीये. बाकीचे चालू आहेत. तुमचं नेट गेलंय का?" बाकीचे बोर्ड चालू आहेत म्हणजे नेट गेलेलं नाही. नेट जातं तेव्हा सगळे बोर्ड एकदम थांबतात. एकटाच थांबला असेल तर बिघाड हॉलमध्ये, त्याच टेबलावर आहे. अशा वेळी राउटर बंद-चालू केला तर चार नंबरचा सुरू होत नाही आणि धड चाललेले बाकीचे नऊ मात्र थांबतात.

शाळेच्या हॉलमध्ये किंवा मंगल कार्यालयात स्पर्धा भरवून चाली आपोआप टिपणारे पाच-दहा डीजीटी बोर्ड लावणाऱ्यांसाठी हे लिहितोय. घरी किंवा हॉलबाहेरच्या खुर्चीवर बसून मोबाईलवर डाव बघणाऱ्या पालकांसाठीही शेवटी थोडं आहे. मी स्वतः पहिल्या गटातला, त्यामुळे माप तिकडे झुकणार.

एखादी चाल तुमच्या मोबाईलवर कशी पोचते ते आधी बघू. सोंगटी हलते, पटाखालचे सेन्सर ती ओळखतात, केबलने माहिती लॅपटॉपवरच्या लाईव्हचेस या सॉफ्टवेअरमध्ये जाते, लाईव्हचेस पीजीएन, म्हणजे चालींची नोंद असलेली फाईल लिहितं, ती फाईल क्लाउडवर किंवा लिचेस या बुद्धिबळाच्या साईटवर चढते, आणि तिथून तुमच्या हातात येते. ही साखळी दोन्ही टोकांकडून चाचपत बसलात तर राउंड संपेल. मधोमध, म्हणजे पीजीएनपाशी, घाव घाला. लाईव्हचेस ज्या फोल्डरमध्ये फाईल लिहितं तो उघडा, फाईल शेवटची कधी बदलली ती वेळ बघा, मग ती नोटपॅडमध्ये उघडून अडकलेल्या बोर्डाची शेवटची चाल बघा. आता उठून टेबलावरचा पट लांबूनच बघून या. फाईलमध्ये २३वी चाल आणि पटावर ३१वी, तर दोष फाईलच्या अलीकडे आहे, म्हणजे पट, सोंगट्या, केबल किंवा हब. फाईलमध्येही ३१वी आणि साईटवर २३वी, तर दोष पलीकडे आहे. निम्मा शोध इथेच संपतो. लाईव्हचेसमधून थेट क्लाउडवर पाठवत असाल तर हीच तुलना लाईव्हचेसच्या पडद्यावरच्या डावाशी करा.

फाईलच मागे आहे

डीजीटीच्या प्रत्येक सोंगटीच्या तळाशी छोटं कॉइल असतं. पांढरा राजा, काळा राजा, पांढरं प्यादं असे एकूण बारा प्रकार, आणि प्रत्येक प्रकाराची स्वतःची फ्रिक्वेन्सी. पट त्यावरून ओळखतो की या घरात कोण उभं आहे. पटाला खेळ कळत नाही, कुठल्या घरात काय आहे एवढंच कळतं. त्या चित्रावरून नियमात बसणारी चाल लाईव्हचेस काढतं. चित्र नियमात बसलं नाही तर ते चाल लिहीत नाही आणि वाट बघत राहतं. एक बोर्ड अडकण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

चित्र बिघडवण्यात पहिला नंबर वजिराचा. समजा पांढऱ्याचं प्यादं आठव्या ओळीत पोचलं. खेळाडूच्या हाताशी जादा वजीर नाही, घड्याळ चालू आहे, त्यानं शेजारच्या साध्या पटावरचा मेलेला वजीर उचलून ठेवला. खेळाच्या दृष्टीनं सगळं ठीक, आर्बिटर, म्हणजे पंचही, काही बोलणार नाही. पण त्या लाकडी वजिरात कॉइल नाही. पटाच्या लेखी प्यादं नाहीसं झालं आणि आठव्या ओळीतलं घर मोकळंच आहे. आता तो वजीर कितीही फिरो, शह देवो, मारामारी करो, लाईव्हचेसला तो अदृश्य आहे. बघणाऱ्याला डाव प्यादं सातव्या ओळीत असतानाच थिजलेला दिसतो, आणि तोही नेमका रंगात आलेला असताना. उपाय फुकटचा आहे. डीजीटीच्या सेटमध्ये सहसा दोन जादा वजीर येतात. राउंड सुरू होण्याआधी ते घड्याळाशेजारी ठेवा. पिशवीत राहिले तर त्यांचा उपयोग शून्य. कुणी उलटा हत्ती वजीर म्हणून ठेवला तर पटालाही तो हत्तीच दिसतो आणि नियमालाही. तिथे आर्बिटर बघून घेईल.

दुसरा नंबर वेळेच्या ओढाताणीचा. शेवटच्या दोन मिनिटांत सोंगट्या घराच्या मध्यावर बसत नाहीत. घोडा दोन घरांच्या रेषेवर, मारलेलं प्यादं पटाच्या कडेलाच टेकवलेलं, बाही लागून आडवा झालेला उंट. इथे ऑपरेटरनं पाळायची एकच शिस्त: पटाला हात लावायचा नाही. तुम्ही कितीही ओळखीचे असा, तो चालू डाव आहे. लाईव्हचेसमध्ये चालींची यादी हाताने दुरुस्त करता येते, हुकलेली चाल भरता येते. खेळाडू चाली लिहीत असेल तर त्याच्या स्कोअरशीटवर नजर टाका आणि तिथून भरा. सोंगटी पुन्हा घरात नीट बसली की पुढचं जुळतं. फारच बिनसलं असेल तर आर्बिटरच्या कानावर घाला. कधी हस्तक्षेप करायचा ते तो ठरवेल.

बेकायदा चाल झाली आणि आर्बिटरनं डाव मागे नेला तरी तसंच होतं. पट मागे गेलेला असतो आणि लाईव्हचेस गोंधळलेलं. हातानं चाली पुसा आणि पुढे चला.

आता टेबल. मंगल कार्यालयात मिळणारी घडीची टेबलं पुष्कळदा पत्र्याची असतात. पट चुंबकीय क्षेत्रावर चालतो, त्याच्या पोटाखाली लोखंडी पत्रा आला की एखाद-दुसऱ्या घराचं वाचन लहरी होतं. सोंगटी दिसते, नाहीशी होते, परत दिसते. अशा वेळी केबल बदलून, सोंगटी बदलून लोक थकतात. लाकडी टेबल मागा. नाहीच मिळालं तर मध्ये जाड प्लायवूड घाला. सतरंजीची घडी घालून काम भागेल असं वाटतं, पण त्यावर पट डुगडुगतो आणि खेळाडू वैतागतात.

कडेला अक्षरं-आकडे नसलेले पट वापरत असाल तर अजून एक जागा तपासा. पहिल्या चालीपासूनच काही येत नसेल आणि पडद्यावर पांढरे वरच्या बाजूला दिसत असतील, तर पट उलट्या तोंडानं मांडलाय. खेळाडूंच्या ते लक्षात येत नाही, कारण उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर दोन्हीकडून पांढरंच. पट हलवू नका, लाईव्हचेसमध्ये फिरवा.

घड्याळाची वेळ दिसत नसेल पण चाली येत असतील, तर पट आणि घड्याळ जोडणारी केबल निघालीय किंवा लावलीच नाहीये. डीजीटी ३००० पटाला जोडता येतं. नुसतंच शेजारी ठेवलेलं घड्याळ खेळाडूंना वेळ दाखवतं, साईटला नाही. डाव चालू असताना ही केबल खोचायला जाऊ नका. त्या राउंडला वेळ दिसणार नाही, एवढंच.

सगळे बोर्ड एकदम गेले

लाईव्हचेसच्या पडद्यावरच सगळे बोर्ड तुटलेले दिसत असतील तर अजून इंटरनेटचा संबंध आलेला नाही. हब बघा. दहा यूएसबी पट एका स्वस्तातल्या हबवर लादले की त्याला पुरेशी वीज मिळत नाही. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब घ्या. त्या अ‍ॅडॉप्टरच्या पिनेवर "हा प्लग काढू नये" अशी चिठ्ठी ठळक अक्षरात चिकटवा. पुण्यात पाटी लावायला कारण लागत नाही, इथे तर आहे. चहावाल्याला थर्मास गरम ठेवायचा असतो, कुणाच्या बाबांचा फोन संपत आलेला असतो, आणि हॉलमधला मोकळा वाटणारा प्लग नेमका तुमचाच असतो.

गुरुवार आला की देखभालीसाठी लाईट जाणार हे गृहीत धरा. सुट्टीतल्या स्पर्धा आठवडाभर चालतात, त्यामुळे एक गुरुवार येतोच. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो आणि घड्याळांत पेन्सिल सेल असतात, त्यामुळे डाव थांबत नाही. पण हब आणि राउटर दोन्ही बसतात. दोघांसाठी मिळून एक छोटा यूपीएस पुरतो. दिवे पुरेसे नसतील तर डाव थांबवायचा का, हा प्रश्न आर्बिटरचा.

लॅपटॉपकडेही बघा. स्क्रीन बंद झाली, लॅपटॉप झोपला किंवा विंडोजनं वीज वाचवायला यूएसबी पोर्ट निजवले की पट एकेक करून गळतात. स्लीप बंद, यूएसबीची वीजबचत बंद, अपडेट पुढे ढकललेलं, हे तिन्ही आदल्या रात्रीच करून ठेवा. सकाळी साडेनऊला पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची यादी, लागायच्या वेळी लॅपटॉपनं "रीस्टार्ट होत आहे" दाखवलं की तुम्ही कुणाला तोंड दाखवू शकत नाही.

फाईल पुढे, साईट मागे

आता खरंच इंटरनेटकडे या. पीजीएन ही नुसत्या मजकुराची फाईल. दहा डावांची मिळून काही केबी होते. साध्या मोबाईल हॉटस्पॉटवर ती आरामात जाते. ती जात नाही कारण त्याच हॉटस्पॉटवर कुणीतरी यूट्यूबला हॉलचं व्हिडिओ प्रक्षेपण चालवलेलं असतं. व्हिडिओला वेगळं सिम, वेगळा लॅपटॉप द्या. जमत नसेल तर व्हिडिओ सोडा आणि चाली वाचवा. कॉमेंट्रीवाल्यांना हे आवडणार नाही.

कॉलेजच्या हॉलमधलं वायफाय काही तासांनी पुन्हा लॉगिन मागतं. वायफायचं चिन्ह तसंच दिसत राहतं आणि फाईल मात्र जात नाही. ब्राउझरमध्ये कुठलीही साईट उघडून बघा, लॉगिनचं पान आलं की कळलं. फोन केबलनं लॅपटॉपला जोडून नेट घेणं सगळ्यात भरवशाचं. हॉलबाहेर ठेवलेल्या शंभर फोनांच्या गर्दीत वायफाय शोधावं लागत नाही, आणि फोन चार्जही होतो.

नेट ठीक आहे, तरी साईट हलत नाही? मग लिचेसच्या ब्रॉडकास्टमधली राउंडची जोडणी तपासा. प्रत्येक राउंडला स्वतःचा स्रोत असतो. लाईव्हचेस क्लाउडच्या लिंकमध्ये शेवटी राउंडचा आकडा येतो, आणि पहिल्या राउंडची लिंक कॉपी करून दुसऱ्यात डकवताना तो बदलायचा राहतो. मग दुसऱ्या राउंडच्या पानावर सकाळचेच संपलेले डाव दिसतात. दर राउंडला तीच एक पीजीएन फाईल वापरत असाल तर उलटं होतं. दुपारचे डाव सकाळच्या राउंडमध्ये घुसतात. लिचेसमध्ये पीजीएनमधल्या राउंडच्या टॅगवरून डाव गाळण्याची सोय आहे, ती लावा. त्यासाठी अर्थात लाईव्हचेसमध्ये राउंडचा आकडा बरोबर भरलेला हवा.

लॅपटॉपवरच्या फोल्डरमधून डाव चढवायला लिचेस ब्रॉडकास्टर नावाचं छोटं अ‍ॅप आहे. ते फोल्डरवर लक्ष ठेवतं आणि फाईल बदलली की पाठवतं. इथे चुकतो तो फोल्डर. लाईव्हचेस एका जागी लिहितंय, अ‍ॅप दुसऱ्याच जागी डोळे लावून बसलंय. दोन्हीकडचा पत्ता शब्दशः ताडून बघा.

नावांचं काय? आपल्याकडे एकाच स्पर्धेत दोन कुलकर्णी, तेही एकाच आद्याक्षराचे, ही रोजची गोष्ट. नुसत्या नावावर सोडलंत तर एकाचं रेटिंग दुसऱ्याला लागतं आणि दोघांचेही पालक फोन करतात. पीजीएनमध्ये दोन्ही खेळाडूंचे फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) आयडी घाला. लिचेस त्यावरून योग्य खेळाडूला जोडून देतं. नाव फिडेच्या यादीत जसं आहे तसंच ठेवा. "चि." आणि "कु." निमंत्रणपत्रिकेसाठी ठेवा.

अडकलेला की मुद्दाम उशिरा?

सगळे बोर्ड सारख्याच अंतरानं मागे असतील तर बहुधा डिले लावलेला आहे. हॉलबाहेरून कुणी चाली सुचवणारं संगणकी इंजिन बघून आत इशारे पोचवू नयेत म्हणून चाली उशिरा दाखवल्या जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये सिंकफील्ड कपमध्ये तेव्हाचा जगज्जेता कार्लसन यानं नीमन या खेळाडूकडून हरल्यावर स्पर्धा सोडली, तेव्हा पुढच्या राउंडपासून प्रक्षेपण १५ मिनिटं मागे नेलं होतं. लिचेसमध्ये हा डिले राउंडनिहाय सेकंदांत भरता येतो. १५ मिनिटं म्हणजे ९००. ज्यांना सेकंदांचा अंदाज नाही ते १५ भरतात आणि निश्चिंत होतात. आयोजक असाल तर डिले किती आहे ते ब्रॉडकास्टच्या वर्णनात लिहा. निम्मे फोन तिथेच थांबतील.

बघणाऱ्यांसाठी

मुलीचा डाव दिसत नाही, हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्यात बिघाड काहीच नसतो. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात अमनोराला महिला ग्रां प्री झाली. दहा खेळाडू होत्या, म्हणजे दर राउंडला पाचच डाव, आणि ते पाचही बघता येत होते. गुणांनुसार जोड्या लावणाऱ्या स्विस पद्धतीच्या स्पर्धेत तीनशे मुलं असतात आणि सेन्सरवाले पट दहा. ते पहिल्या दहा टेबलांवर लागतात. मुलगी या राउंडला सातव्या टेबलावर असेल तर दिसेल, हरून पुढच्या राउंडला एक्केचाळिसाव्यावर गेली तर नाही. चेस-रिझल्ट्स या साईटवर पेअरिंग बघा, टेबलाचा नंबर तिथे असतो. त्या साईटवर चाली मात्र शोधू नका. तिथे आर्बिटरनं अपलोड केल्यावर पेअरिंग, निकाल आणि गुणतक्ता येतो. दर मिनिटाला रिफ्रेश करून आर्बिटरचा हात लवकर चालत नाही.

तुमच्याच फोनवर डाव थांबलाय आणि शेजारच्या काकांच्या फोनवर पुढे गेलाय? तुम्ही मागची एखादी चाल बघायला मागे गेलात आणि तिथेच राहिलात. चालींच्या यादीत शेवटच्या चालीवर जा, किंवा टोकाला नेणारा बाण दाबा. फोनचा बॅटरी सेव्हर चालू असेल तर स्क्रीन बंद होताच अ‍ॅप झोपतं, पान पुन्हा उघडावं लागतं. आणि बाजूचा काळा-पांढरा पट्टा वरखाली होतोय पण चाल येत नाहीये, तर ते इंजिन अजून खोल विचार करतंय एवढाच त्याचा अर्थ.

परदेशातल्या स्पर्धांत घोळ वेळेचा होतो. नेदरलँड्समधल्या विक आन झीच्या स्पर्धेत जानेवारीत डाव तिथल्या दुपारी २ला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ६:३०. शेवटचा राउंड मात्र १२ला, म्हणजे आपल्या ४:३०ला. २ फेब्रुवारी २०२५ला गुकेश आणि प्रज्ञानंद दोघंही शेवटचा राउंड हरले आणि टायब्रेकमध्ये प्रज्ञानंद जिंकला. रोजच्या सवयीनं साडेसहाला फोन उघडणाऱ्यांचे त्या दिवशी दोन तास गेले. शेवटच्या राउंडची वेळ नेहमी वेगळी बघा. युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात, आपली नाही. २०२४च्या टोरोंटोच्या कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला, तर तारखेचीच गंमत होती. तिथली दुपारची अडीच म्हणजे आपली रात्रीची बरोबर १२. तिथली ४ तारीख वाचून ४च्या रात्री १२ला बसायचं, की ३च्या? ४च्या. आपल्याकडे तेव्हा ५ तारीख लागलेली असते. कॅलेंडरमध्ये नोंद करताना तिथलं शहर निवडून तिथलीच वेळ भरा, हिशोब फोनला करू द्या.

डाव संपला, साईटवर चालूच

डाव संपल्यावर दोन्ही राजे पटाच्या मधल्या चार घरांत ठेवायचे असतात. लाईव्हचेसला निकाल असा कळतो. पांढरा जिंकला तर दोन्ही राजे मधल्या दोन पांढऱ्या घरांत, म्हणजे ई४ आणि डी५. काळा जिंकला तर काळ्या घरांत, डी४ आणि ई५. बरोबरी असेल तर एक राजा पांढऱ्या घरात आणि एक काळ्या, उदाहरणार्थ ई४ आणि ई५. लहान मुलांच्या स्पर्धेत हे कुणी करत नाही. हस्तांदोलन होतं, आणि लगेच "तू इथे घोडा मारला असतास तर?" सुरू. त्याच पटावर. पट इमानदारीनं तेही टिपत राहतो, आणि घरी बघणाऱ्या आजोबांना जिंकलेला नातू अचानक हत्ती फुकट देताना दिसतो. लाईव्ह टेबलांवर विश्लेषण करायला मनाई असल्याचं राउंडआधी माईकवरून सांगा आणि प्रत्येक लाईव्ह बोर्डापाशी निकाल घ्यायला एक स्वयंसेवक ठरवून ठेवा. राजे त्यानंच ठेवायचे, आणि घरांचा रंग बघून. उलट्या रंगावर ठेवले तर हरलेला जिंकतो.

राउंड संपल्यावर लगेच चहाला जाऊ नका. लाईव्ह बोर्डांच्या स्कोअरशीटच्या कार्बनप्रती आर्बिटरकडून मागून घ्या आणि जिथे हातानं चाली भरल्या होत्या तेवढे डाव ताडून बघा. विश्लेषणाच्या शेपट्या कापा, उरलेले निकाल भरा, दुरुस्त फाईल पुन्हा चढवा आणि राउंडच्या नावानं वेगळी जपून ठेवा. हेच डाव पुढे डेटाबेसमध्ये जातात, आणि उद्या सकाळी समोर बसणारा खेळाडू आज रात्री तुमचीच पीजीएन उघडून तयारी करणार असतो.